टोकन नंबर २७

माझी सॅक काळी आहे. काळी म्हणजे घेतली तेव्हा काळी होती, आता पुण्याची धूळ खाऊन आणि पीएमपीच्या बसमधल्या दांड्यांना घासून तिचा रंग शाळेतल्या न पुसलेल्या फळ्यासारखा झालाय. तिच्यात लॅपटॉप असतो, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, छत्री (जून ते ऑक्टोबर लागते म्हणून आणि उरलेले महिने काढायची राहिली म्हणून) आणि सगळ्यात तळाला एक थर आहे ज्यात मी गेल्या तीन वर्षांत हात घातलेला नाही. ही सॅक पाठीवर घेऊन मी बँकेत गेलोय, दवाखान्यात गेलोय, मावसभावाच्या साखरपुड्याला तर ऑफिसातून थेट तिच्यासकट गेलोय आणि फोटोतही तशीच आलीये, कुणी चकार शब्द काढला नाही. पण अर्धा लिटर दूध आणि कोथिंबिरीची जुडी घ्यायला कोथरूडमधल्या आमच्या सुपरमार्केटात पाय टाकला की दारातला माणूस माझ्या तोंडाकडे न बघता आधी खांद्यांकडे बघतो आणि म्हणतो, "सर, सॅक."

बास, एवढंच. "सर"मध्ये आदर आणि "सॅक"मध्ये पंचनामा.

आत शिरलं की डाव्या हाताला प्लायवूडचे खण आहेत, पोस्टात असतात तसे, प्रत्येकावर ऑइलपेंटने नंबर टाकलेला. वॉचमनमामा सॅक त्या खणात कोंबतात. कोंबतातच, ठेवत नाहीत, आतल्या डब्यातल्या आमटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आणि मग हातात एक पत्र्याचा गोल बिल्ला येतो. खणांच्या वर पाटी आहे: 'मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवू नयेत. बॅग अथवा आतील वस्तू गहाळ झाल्यास दुकान जबाबदार नाही. टोकन हरवल्यास ५० रु. आकारले जातील.'

आता ही पाटी तुम्ही शांतपणे वाचा. माझं सामान हरवलं तर त्यांची जबाबदारी शून्य आणि त्यांचा पत्रा हरवला तर माझी जबाबदारी ५० रुपये. आणि मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवायच्या नाहीत म्हणजे ठेवायच्या कुठे, तर हातात. मी एकदा खरंच पाटीचं ऐकलं होतं. लॅपटॉप काढून काखेत मारला, चार्जर डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखा गळ्यात घातला आणि उरलेल्या हातात टोमॅटोची टोपली धरली. लॅपटॉप काखेतून निसटू नये म्हणून डावा हात अंगाला चिकटवून, जरा वाकडा चालत मी बिलाच्या रांगेपर्यंत पोचलो, तर काउंटरवरच्या मुलीने टोमॅटो वजनावर टाकले, दूध स्कॅन केलं आणि लॅपटॉपकडे हात पुढे करून म्हणाली, "सर, याचा बारकोड दिसत नाहीये."

आमच्या सोसायटीत एक निवृत्त वकील आहेत, त्यांना ही गोष्ट सांगायची चूक मी केली. त्यांनी मला पार्किंगमध्ये पाऊण तास उभं करून १८७२ चा करार कायदा समजावला. कलम १४८, म्हणजे तू तुझी वस्तू काही कामापुरती दुसऱ्याच्या ताब्यात दिलीस आणि काम झाल्यावर ती परत मिळायची असं ठरलं, की तो घेणारा झाला बेली. आणि कलम १५१ म्हणतं की त्या बेलीने वस्तूची एवढी काळजी घेतलीच पाहिजे, जेवढी सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. त्यामुळे नुसती पाटी ठोकून हात झटकता येत नाहीत, असं काकांचं म्हणणं. मी म्हणलं काका, कायदा दीडशे वर्षांचा आहे ते ठीक आहे, पण पुण्यात सर्वसाधारण शहाणा माणूस आणायचा कुठून, इथे जो तो जरा जास्तच आहे. ते काकांना लागलं. तेव्हापासून ते मला लिफ्टमध्ये फक्त मजला विचारतात.

बरं, नियम सगळ्यांना सारखा असता तर मी गप्प बसलो असतो. पण माझ्या बायकोची पर्स आत जाते. तिला पर्स म्हणायचं फक्त, आकाराने ती आमच्या गावी पेरणीच्या वेळी बी न्यायची पोतडी असायची तेवढी आहे. एकदा कुतूहल म्हणून मी घरी माझ्या सॅकमधलं सगळं सामान तिच्या पर्समध्ये भरून बघितलं. सगळं बसलं, वर दोन नारळांची जागा राहिली. त्या पर्ससाठी मामा दार उघडून धरतात. मी विचारलं, मामा हे कसं काय? तर म्हणाले, "सर, ती पर्स हाय." म्हणलं मोठी आहे ना पण. "मोठी हाय, पन पर्स हाय."

यावर मी बराच विचार केला आणि एका निष्कर्षाला आलो की सगळा मामला पट्ट्यांचा आहे. एका खांद्याला एक पट्टा असेल तर तुम्ही गिऱ्हाईक, दोन खांद्यांना दोन असतील तर संशयित. खात्री करायला एकदा सॅक एकाच खांद्याला अडकवून गेलो, चेहरा जरा पर्सवाल्यासारखा ठेवून. मामा म्हणाले, "सर, दुसरा पट्टा लोंबतोय." मग वडिलांची जुनी शबनम काढली माळ्यावरून. तिला एकच पट्टा, चेन नाही, आत काय आहे ते वरूनच दिसतं, म्हणजे चोरी करायला याहून गैरसोयीची पिशवी जगात नसेल. ती खांद्याला लावून गेलो तर मामांनी अडवलं नाही, पण आतून सुपरवायझर लगबगीने आला आणि हात जोडून म्हणाला, "वर्गणीचं असेल तर साहेब नाहीयेत, सोमवारी या."

गंमत म्हणजे हीच सॅक घेऊन मी तुळशीबागेत जातो तेव्हा उलटंच होतं. तिथल्या गर्दीत पाऊल टाकलं की बांगड्यांच्या स्टॉलवरची बाई सुद्धा ओरडते, "ओ दादा, सॅक पुढं घ्या, सॅक पुढं!" स्वारगेटच्या बसमध्ये चढलो की मागचा अनोळखी माणूस खांद्यावर टकटक करून सांगतो, चेन उघडी आहे तुमची. म्हणजे तुळशीबागेत माझं कुणीतरी काहीतरी मारणार म्हणून सगळं जग काळजीत आणि तिथून चार किलोमीटरवर कोथरूडला आलो की मीच कुणाचंतरी मारणार म्हणून सगळं जग काळजीत. सॅक तीच, माणूस तोच, मध्ये फक्त लकडी पूल लागतो.

आणि मंडईत तर विचारूच नका. महात्मा फुले मंडईत सॅकवाल्या माणसाला मान आहे. भाजीवाल्या मावशी सरळ म्हणतात, "चेन उघड," आणि तागडीतले बटाटे वरून धाडधाड सोडतात. एकदा त्यात एक बटाटा लॅपटॉपच्या कप्प्यात गेला आणि आठ दिवसांनी हिंजवडीत क्लायंटच्या मीटिंगमध्ये निघाला, त्याला तोपर्यंत कोंब आले होते. पण मावशींनी कधी विचारलं नाही की बाबा, या सॅकेत आधीपासून कुणाचे बटाटे तर नाहीत ना?

याचं कारण मला वाटतं असं की मंडईत नाहीतर वाण्याकडे आपण आत जातच नव्हतो. लहानपणी आमच्या वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे. आपण "अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे" म्हणायचं, तो पुडी बांधणार, दोरा तोडणार, वहीत मांडणार. पाठीवर दप्तर आहे की बिऱ्हाड आहे याने त्याला काय फरक पडणार होता. हा सगळा उपद्व्याप १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस नावाच्या गावी सुरू झाला. तिथे क्लॅरेन्स सॉन्डर्स म्हणून एका गृहस्थांनी पिगली विगली नावाचं दुकान काढलं (नाव खरंच हे आहे, मी वाढवून सांगत नाहीये) आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की तुमचं तुम्ही आत जा, फळीवरनं काढा, टोपलीत घाला, बाहेर पडताना पैसे द्या. नोकर वाचले, माल स्वस्त झाला, लोक खूश. पण आत सोडल्यावर आता याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न त्या दिवसापासून सगळ्या दुकानदारांच्या मानगुटीवर बसला तो शंभर वर्षं झाली तरी उतरला नाही, आणि उतरून बसला कुठे, तर माझ्या पाठीवर.

एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला तो एका बॅगेतच झाला होता, आणि त्यानंतर या शहरात दारोदार माणसं आणि डिटेक्टर आले त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणी म्हणलं बॅग उघडा तर मी स्वतःहून सगळे कप्पे उघडून दाखवतो. पण मॉलच्या दारातला माणूस फक्त पुढची छोटी चेन उघडतो, जिच्यात दोन पेनं आणि लिमलेटच्या गोळ्या आहेत, तिच्यात बॅटरी मारतो, समाधानाने मान हलवतो आणि जा म्हणतो. त्या मॉलमध्ये बॉम्ब आणायचा असेल तर लिमलेटच्या गोळीएवढा आणावा लागेल. मोठ्या कप्प्यात कुणाला रस नाही. तिथे रस येतो आत, दुकानाच्या दारात, बिस्किटांचा प्रश्न निघाल्यावर.

आता केबल टायचं सांगतो. काही कपड्यांच्या दुकानांत टोकन नसतं, ते दोन्ही चेनची टोकं एकत्र करून त्यातून प्लॅस्टिकची पट्टी ओवतात आणि ओढतात. चर्रर्र आवाज येतो. तो आवाज एकदा आला की संपलं, ती पट्टी ब्रह्मदेवालाही उलटी सोडवता येत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये कर्वे रोडवर अशाच एका दुकानात मी मोजे घ्यायला गेलो. मोज्यांचे तीन जोड, बाकी काही नाही. सॅकला पट्टी लागली, मोजे घेतले, बाहेर आलो, तर धो धो. पुण्याचा पाऊस म्हणजे आधी तासभर येतो येतो म्हणतो आणि मग तुम्ही दुकानाच्या बाहेर पाऊल टाकेपर्यंत दबा धरून बसतो. छत्री कुठे? सॅकमध्ये. सॅक कशी? सीलबंद.

परत वर गेलो. पट्टी बांधणारा म्हणाला, आम्ही बांधतो, कापायचं खाली. खाली गेलो. खालचा म्हणाला, "माझ्याकडं ब्लेड होतं, पण मॅडमनी काढून घेतलं, सेफ्टीला प्रॉब्लेम येतो म्हणून." म्हणलं मग उघडू कशी? तर त्याने फार सहानुभूतीने सल्ला दिला, "घरी कात्री असंल ना." घरी कात्री होती. सॅकमध्ये नेलकटर पण होतं. प्रश्न पाण्याचा होता, जे माझ्या डोक्यावर पडत होतं आणि छत्री माझ्या पाठीवर अगदी कोरडी, सुरक्षित बसली होती.

भिजत मेट्रो स्टेशनपर्यंत पळालो. सॅक मशीनमधून गेली. स्क्रीनवरच्या बाईंना डब्याचा आकार की छत्रीची दांडी काय दिसलं माहीत नाही, त्या म्हणाल्या, "बॅग उघडा." म्हणलं उघडत नाही. "का उघडत नाही?" म्हणलं बांधलीये. "कुणी बांधली?" म्हणलं मोज्यांच्या दुकानात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नखशिखांत ओला, हातात मोज्यांचा कोरडा कागदी पुडा, पाठीवर सील ठोकलेली सॅक, आणि मी म्हणतोय यात छत्री आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. "छत्री आहे तर भिजलात कशाला?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचं उत्तर मी अजूनही नीट देऊ शकत नाही.

शेवटी जिन्याखाली कणीस भाजणारी एक मावशी होती. तिला पट्टी दाखवली. तिने काही विचारलं नाही, सूरीही शोधली नाही. चिमट्याने शेगडीतला एक लालबुंद निखारा उचलला, पट्टीला असा नुसता टेकवला, चटका बसल्यासारखी ती पट्टी वळली आणि टप्प करून तुटली. जळक्या प्लॅस्टिकचा आणि लिंबू-तिखटाचा असा एक एकत्र वास आला की त्याला मी आजही मुक्तीचा वास समजतो. सॅकच्या चेनच्या टोकाला अजून तो वितळलेला मणी चिकटलेला आहे. मी पैसे विचारले तर मावशी म्हणाली, "कनीस घ्या की मग." दोन घेतली. छत्री काढली तोवर पाऊस थांबला होता.

या सगळ्यात पिशवीचं एक उपप्रकरण आहे, ते थोडक्यात. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदी आणली, पिशवीसकट सापडलात तर पहिल्या खेपेला ५,००० रुपये दंड, आणि तेव्हापासून आपल्याला सगळ्यांनी बजावलंय की घरून पिशवी घेऊन निघा. मी शहाण्यासारखा घरून पिशवी घेऊन निघतो. ती असते सॅकमध्ये. सॅक जाते खणात. आणि बिल करताना ती मुलगी विचारते, "सर, कॅरीबॅग देऊ? दहा रुपये." मी म्हणतो पिशवी आहे माझ्याकडे. "कुठेय?" तुमच्याकडे! अशा रीतीने आमच्या घरात आता त्या दुकानाच्या नावाच्या एकोणीस कापडी पिशव्या झाल्यात आणि एका पिशवीत बाकीच्या अठरा भरून ती दाराच्या मागे टांगलेली आहे. वकीलकाकांनी (रुसण्याच्या आधी) सांगितलं होतं की डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका मोठ्या साखळी दुकानाला फटकारलं होतं, आधी काही न सांगता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा म्हणून. आमच्या दुकानाने त्यावर उपाय केलाय, दारात पाटी लावलीये. पाटी टोकनच्या खणांच्या मागे आहे, सगळ्या सॅका काढल्या की दिसते.

तर आता मूळ मुद्दा, टोकन नंबर २७.

गुरुवार होता, हिंजवडीहून येईपर्यंत साडेआठ वाजलेले. मामांनी नेहमीसारखं "काय सर, आज उशीर?" विचारलं आणि नेहमीसारखंच लगेच "सॅक" म्हणाले. मामा बीडकडचे. तीन वर्षांपासून मला ओळखतात, माझा मुलगा कितवीला आहे ते त्यांना माहीत आहे, त्यांच्या मुलीला नर्सिंगला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा त्यांनी मला पेढा दिलाय, पण ओळख वेगळी आणि सॅक वेगळी. सॅक २७ नंबरच्या खणात गेली. मी तूरडाळ, साबण आणि एक बिनकामाचं तिळाचं तेल (त्यावर एक फुकट होतं) घेतलं, बिल केलं, मामांसमोर आलो, खिशात हात घातला. टोकन नाही. दुसरा खिसा, नाही. शर्टाचा खिसा, मागचा खिसा, बिलाची घडी उलगडून, तेलाची बाटली हलवून पाहिली. नाही.

"मामा, टोकन पडलं बहुतेक कुठेतरी. ती बघा ना, सॅक तिथेच आहे, दिसतीये."

"दिसतीये सर."

"मग द्या ना."

"असं कसं देऊ?"

"अहो तुम्ही मला रोज बघता. माझीच आहे हे माहितीये तुम्हाला."

मामा फार समजूतदारपणे म्हणाले, "मला म्हाईत हाय सर. मला म्हाईत असून काय उपेग, रजिस्टरला कुठं म्हाईत हाय?"

मग सुपरवायझर आला, तोच तो वर्गणीवाला, चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, गळ्यात टाय आणि हातात लांब वही. वहीला रकाने होते: तारीख, टोकन नं., बॅगेचा रंग, आतील ऐवज, सही. ऐवज! माझ्या सॅकमध्ये ऐवज आहे हे मला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, सर, आत काय काय आहे ते तुम्ही बोला, मामा एकेक काढून चेक करतील, जुळलं की पन्नास रुपये भरा आणि घेऊन जा. तोपर्यंत माझ्या मागे सहा-सात जण टोकन हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्यात, अगदी माझ्या मागे, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. "चालू दे तुझं, मला घाई नाही," म्हणाल्या.

मी म्हणलं, "लॅपटॉप." मामांनी काढला. सुपरवायझर म्हणाला, लॅपटॉप सगळ्यांच्याच बॅगेत असतो सर, काहीतरी वेगळं सांगा. "छत्री. काळी. एक काडी मोडलेली." बरोबर. "मोजे." मामांनी दोन काढले, एक निळा एक राखाडी. "जोड नाही," सुपरवायझर म्हणाला. म्हणलं माझ्याकडे जोड नसतोच, हीच खूण समजा. त्याने लिहून घेतलं. "इसबगोल," मी आवाज खाली घेऊन म्हणलो. "काय सर?" "इसबगोल." मामांना ऐकू आलं नाही, रांगेतल्या शेवटच्या माणसाला आलं, त्याने तिथून मामांना ओरडून सांगितलं, "इसबगोल हो, इसबगोल, पोटाचं!" सापडला. सुपरवायझरने स्पेलिंग विचारलं.

"आणि डबा," मी म्हणलो आणि थांबलो.

"डब्यात काय?"

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आदल्या रात्री खालच्या काकूंनी कारल्याची भाजी वर पाठवली होती. मला कारलं आवडतं असा त्यांचा समज आहे, कारण चार वर्षांपूर्वी मी एकदा सौजन्य म्हणून "वा, काय झालीये" म्हणलो होतो आणि ते सौजन्य मी तेव्हापासून फेडतोय. ती भाजी बायकोने डब्यात दिली होती. आणि त्याच दिवशी सकाळी जिन्यात काकूंनी विचारलं होतं, तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की रात्रीच संपली, मुलांनी ताटं चाटली.

"पोळी," मी म्हणलो.

"आणि?"

"आणि... भाजी."

"कसली?"

मी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ती सॅक माझी नसती तर बरं झालं असतं. लॅपटॉप ऑफिसचा होता, इन्शुरन्स असेल त्याचा, मोजे तसेही जोडीचे नव्हते. पण मामांनी तोपर्यंत डबा उघडला होता, वरचं झाकण, मग मधली ताटली, आणि त्यांनी आत वाकून बघितलं, वास घेतला, आणि रजिस्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कारलं. भरल्यालं. हातबी लावला न्हाई."

मागून काकूंनी मान लांब केली. "बघू? अगंबाई, ही माझीच की!"

सुपरवायझर गोंधळला. त्याला वाटलं सॅकवर दुसरा दावा आला. "मॅडम, ही बॅग तुमची आहे का?" "बॅग त्याची," काकू म्हणाल्या, "कारलं माझं." त्या पोराने दोन मिनिटं विचार केला आणि ऐवजाच्या रकान्यात लिहिलं, 'भाजी (मॅडमची)'. मग त्याने काकूंची साक्षीदार म्हणून सही घेतली. काकूंनी फार ठळक सही केली. मी पन्नास रुपये भरले, त्याची पावती मिळाली, आणि आम्ही दोघं एकाच लिफ्टने घरी गेलो. दोन मजल्यांचा प्रवास इतका लांब असू शकतो हे मला माहीत नव्हतं. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ जास्त झालं होतं का रे?"

रविवारी सकाळी बायकोने मशीन लावलं आणि आतून ओरडली, "अरे, काहीतरी खडखडतंय बघ यात!" ड्रम थांबवून हात घातला तर पँटच्या त्या छोट्या खिशात, ज्यात कंपनीवाले काय ठेवायचं म्हणून शिवतात हे देवच जाणे, टोकन. नंबर २७. एकदम चकचकीत होऊन निघालं होतं, तीन वर्षांत इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

मला पन्नास रुपये परत पाहिजे होते. पैशाचा प्रश्न नव्हता (होता). पावती घेतली, टोकन घेतलं आणि निघालो. आता रविवारी ऑफिस नाही, काही नाही, पण हात आपोआप खुंटीकडे गेला आणि सॅक पाठीवर आली, ती का आली ते मला विचारू नका. दारात मामा. मी टोकन नाचवत म्हणलं, मामा, हे बघा सापडलं! मामांना मनापासून आनंद झाला. "बरं झालं सर. पैशे सुपरवायझर देतील, ते आत हायेत, तेलाच्या सेक्शनला."

"बरं, मी भेटून येतो."

"हा. सर, सॅक."

मी सॅक काढून दिली. मामांनी ती सवयीने २७ नंबरच्या खणात कोंबली आणि खुंटीवरून काढून माझ्या हातात एक बुटाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा ठेवला, त्याला भोक पाडून सुतळी बांधलेली, वर स्केचपेनने लिहिलेलं: '२७ (डुप्लिकेट)'. डाव्या खिशात खरं सत्तावीस, उजव्या खिशात खोटं सत्तावीस आणि हातात पन्नासची पावती घेऊन मी आत निघालो, तेवढ्यात बायकोचा फोन आला की गेलाच आहेस तर कारली आण पाव किलो, खालच्या काकूंनी सांगितलंय, या वेळी मीठ कमी घालून देणार आहेत.